कोरड्या हौदातला राजबिंडा

हौज कटोऱ्याला खांदे आहेत, माथा नाही. अचलपूरच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर, शिवारात, एका भल्या मोठ्या गोल हौदाच्या ऐन मध्यावर तो उभा आहे. अंग अष्टकोनी, मजले तीन, प्रत्येक अंगाला कमानी. पूर्वी मजले पाच होते आणि वरचे दोन पुढच्या काळात उतरवून नेले, असं अचलपुरात सांगतात. ते खरं मानूनच त्याच्याकडे पाहावं लागतं, कारण त्याचं शरीर तेच सांगतं. वर जाताना इमारत एका लयीत चढते आणि जिथे शेवटचा श्वास घ्यायचा तिथेच थांबते. तरीही तो दीनवाणा दिसत नाही. ताठ उभा राहतो. आजूबाजूला पऱ्हाटी, तूर आणि संत्र्याच्या बागा, उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, आणि मध्ये हा राजबिंडा गडी.

इमारतींना बहुधा नोकरी असते. अचलपूरच्याच बघा. परकोटाच्या भिंतीनं शहर राखलं. ईदगाहनं नमाजींना जागा दिली. दुल्हा रहमान शहांच्या दर्ग्याकडे लोक मागणं घेऊन जातात. वर डोंगरावर गाविलगड आहे, त्यानं शत्रूला घाटातच अडवायचं. पश्चिमेला नरनाळा, त्याचीही तीच चाकरी. या सगळ्या कर्त्या मंडळींत हौज कटोरा एकटाच असा, की ज्याला कुणी काही काम सांगितलं नव्हतं. तो बुरूज नाही, मशीद नाही, मकबरा नाही, सराई नाही. त्यानं पाण्यात उभं राहायचं, आणि त्याच्या कमानीत बसणाऱ्यानं पाणी पाहायचं, एवढ्यासाठी तो जन्मला.

परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर एकदा दोघांचं बोलणं कानावर आलं होतं. शाळकरी वयाचं पोर विचारत होतं, "आजी, याच्यात देव नाही, पीर नाही. काहून बांधलं असन मंग?" आजीबाईंनी पदर सारखा करत सांगितलं, "पाणी पाह्याले बांधलं, बाबू. राजा व्हता थो." इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला हे उत्तर पटतं. त्यात संशय नाही, हिशेब नाही, आणि राजाला शिवीही नाही.

पण पाणी पाहायला एवढी इमारत कशाला, हे कळायचं असेल तर वऱ्हाडातला मे महिना अंगावर घेतलेला पाहिजे. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, वारा वाहतो तोही भाजणारा. या उन्हाची एक खूण अशी, की हवा कोरडीठाक असते. कोरडी हवा पाण्यावरून गेली की पाणी भराभर वाफ होतं, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते हवेतूनच घेतं. अमरावती-अकोल्याच्या घराघरांत खिडकीला लागलेला कूलर हेच करतो. ओल्या ताट्यांतून हवा ओढली की ती गार होऊन आत येते. हौज कटोरा हा त्याच युक्तीचा थोरला पूर्वज. चहूकडे पाणी, मध्ये आठ बाजूंनी उघडी इमारत. वारा कुठूनही येवो, त्याला पाण्यावरूनच यावं लागणार आणि समोर एक कमान उघडी मिळणारच. कूलर हवेला आपल्याकडे बोलावतो. इथे माणूस उठून हवेच्या वाटेवर जाऊन बसायचा. आणि कूलरसारखंच, मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की ही युक्ती निकामी. म्हणजे याचा भर दरबार उन्हाळ्यात. होळीपासून रोहिणीपर्यंत त्याचा रुबाब.

आठ बाजूंचं आणखी एक सुख आहे. चौकोनी महालाला दर्शनी बाजू असते आणि पाठही असते. अष्टकोनाला पाठ नसते. हौदाच्या काठावरून कुठूनही पाहा, तो तुमच्याकडे तोंड करूनच उभा. हौद गोल असल्यामुळे काठावरचा कुणीही त्याच्यापासून सारख्याच अंतरावर. आत बसणाऱ्याला आठ वेगवेगळी चित्रं मिळतात. उत्तर-वायव्येच्या कमानींत गाविलगडाचा डोंगर आणि त्यामागे चिखलदऱ्याचं पठार. दक्षिणेच्या कमानीत उतरत जाणारी काळी जमीन, थेट पूर्णा नदीपर्यंत. पूर्वेला शहर, पश्चिमेला मावळता सूर्य. खालच्या मजल्यावर पाण्याचा शेजार आणि वरच्यावर डोंगराचा. बांधणाऱ्यानं हे सगळं मनात धरून आखलं असणार, कारण नुसती सावली हवी असती तर आमराई पुरली असती.

आता मी दक्षिणेच्या कमानीबद्दल थोडं जास्त बोलणार, कारण त्या कमानीतून दिसणाऱ्या उताराच्या शेवटी माझं गाव आहे.

भातकुली अमरावतीच्या पश्चिमेला, पूर्णेच्या खोऱ्यात. आमचा मुलूख खारपाणपट्ट्याचा. अमरावती, अकोला आणि बुलडाणा मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा. जमीन काळी, खोल, कापसाला आणि मुगाला चांगली, पण पोटातलं पाणी खारं. विहीर खणली तर पाणी लागतं, आणि लागलेलं पाणी प्यायलं जात नाही. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि ते पिकाला पाजत राहिलं तर जमिनीवर पांढरं फुटतं. मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रार या गावांत घरोघर ऐकू येते. पाऊस पडेल तेवढं वरचं पाणी धरायचं, शेततळं करायचं, आणि बाकी डोंगराकडे तोंड करून बसायचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणाचं पाणी नळानं खारपाणपट्ट्यातल्या गावांपर्यंत आलं तेव्हा बायांच्या डोक्यावरची किती मैलांची पायपीट उतरली, हे ज्यांच्या घरात पाण्याचा गुंड घेऊन जाणारी बाई होती त्यांनाच कळेल.

अशा गावातून चाळीस-पन्नास किलोमीटर उत्तरेला जावं, तर अचलपूर. डोंगरातून उतरणाऱ्या सापन आणि बिच्छन नद्यांचं गाव. पायथ्याच्या या पट्टीत डोंगरानं हजारो वर्षं दगडगोटे आणि रेती आणून टाकली आहे, म्हणून इथे पाणी मुरतं, आणि मुरलेलं पाणी गोड लागतं. त्याच पाण्यावर संत्री आहेत, अंजनगावचे पानमळे आहेत, केळी आहे. हे पाणी वाहत शेवटी पूर्णेच्याच खोऱ्यात उतरतं. म्हणजे उतार एकच, खोरं एकच, पण वरच्या टोकाला पाण्याच्या मध्यभागी बसून पाणी पाहायची इमारत, आणि खालच्या टोकाला पाण्यावाचून तोंडचं पाणी पळालेली गावं.

या विचारानं मी हौज कटोऱ्यावर रागावायला हवं होतं. गोड पाण्याचा एवढा मोठा हौद, आणि तो कुणाच्या तहानेसाठी नाही, कुणाच्या मळ्यासाठी नाही, एका सुलतानाच्या डोळ्यांसाठी! पण त्याच्यासमोर उभं राहिल्यावर राग टिकत नाही. ज्यांना पाणी सहज मिळतं त्यांना ते पाहावंसं वाटत नाही. नळ सोडणारा माणूस धारेकडे बघतसुद्धा नाही. पाण्यासाठी इमारत उभारून, तिच्यात बसून, तास न् तास ते बघत राहणं ही ओढ मला खारपाणपट्ट्यातल्या माणसाची ओढ वाटते. आमच्याकडे पहिल्या पावसात शेततळं भरलं की घरची मंडळी संध्याकाळी काठावर जाऊन उभी राहतात. कुणाला काही काम नसतं. नुसतं भरलेलं पाहायचं असतं.

हौज कटोऱ्याचं कूळ बहमनी समजलं जातं, आणि बहमनींमध्येही वऱ्हाडाशी ज्याचं नातं सगळ्यांत जवळचं तो अहमदशहा. १४२२ मध्ये तो गुलबर्ग्याच्या गादीवर आला. फरिश्ता या इतिहासकारानं त्याच्याबद्दल एक हकिगत नोंदवली आहे. राज्याच्या सुरुवातीलाच पावसानं दगा दिला. विहिरी आटल्या, गुरं मरू लागली, लोक राजाच्याच नावानं बोटं मोडू लागले. तेव्हा अहमदशहा शहराबाहेरच्या उंचवट्यावर गेला आणि सगळ्यांसमोर त्यानं पावसासाठी प्रार्थना केली. पाऊस आला. लोकांनी त्याला वली म्हटलं, म्हणजे संतच मानलं, आणि इतिहासात तो अहमदशहा वली म्हणूनच राहिला. पुढे माहूरची मोहीम आटोपून १४२५-२६ च्या सुमारास तो एलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, येऊन राहिला, वर्षभराचा मुक्काम केला, गाविलगड बांधवला आणि नरनाळ्याची डागडुजी केली. पाण्यासाठी सगळ्या रयतेसमोर हात पसरलेला राजा, आणि त्याच्या काळाशी नाव जोडलेली, पाण्याच्या कुशीत बसवलेली इमारत. या दोहोंत मला ओळखीचं काहीतरी दिसतं. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला भरलेल्या हौदासारखं सुख दुसरं नसणार.

वर गाविलगडावरही पाणी होतंच. अकबराच्या दरबारातला अबुल फजल 'आईन-ए-अकबरी'त गाविलगडाची तटबंदी वाखाणतो आणि तिथल्या एका झऱ्याचा उल्लेख करतो. त्या झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देत. डोंगर एक, पाऊस एक. वरच्या पाण्यानं तलवारीला धार आणायची आणि खालच्या पाण्यानं धार उतरवायची. दिवसभर गडाची कामं तपासून उतरलेला सरदार संध्याकाळी या कमानीत येऊन बसला असेल तर त्याच्या अंगावरचं लोखंड थोडं सैल झालं असेल, असं मला मनापासून वाटतं. राज्य करणाऱ्यांना अशी जागा असणं हे रयतेच्याही भल्याचं.

त्याच पुस्तकात एलिचपूरची आणखी एक नोंद आहे आणि ती मला झऱ्याहूनही आवडते. अबुल फजल सांगतो, हे मोठं शहर आणि वऱ्हाडची राजधानी. इथे जमिनीलगत उगवणारं एक सुगंधी चाफ्याचं फूल असतं. वऱ्हाडच्या वर्णनात सरकारं, परगणे, महसूल, किल्ले, हत्ती यांची मोजदाद चाललेली असताना मध्येच हे फूल. अकबराच्या मुत्सद्द्याला ते लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणजे या शहराला कधीतरी बागांची आणि वासांची सवय होती. उन्हानं तापलेल्या अचलपुरावरून जाताना हे आठवत राहिलं तर हौज कटोरा एकटा वाटत नाही.

बहमनींचं राज्य मोडलं आणि १४९० मध्ये फतहुल्ला इमाद-उल-मुल्कानं वऱ्हाडात आपली गादी मांडली. हा मूळचा विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला मुलगा, लढाईत पकडला गेलेला, वऱ्हाडात वाढलेला. त्याची इमादशाही १५७४ पर्यंत टिकली. चौऱ्याऐंशी वर्षं वऱ्हाडला स्वतःचा राजा होता. हे वाक्य आमच्याकडच्या शाळांत फारसं कुणी म्हणवून घेत नाही. दख्खनच्या पाच शाह्यांत सगळ्यांत लवकर विस्मरणात गेली ती ही आमची. विजापूरला गोलघुमट आहे, हैदराबादला कुतुबशहांचा चारमिनार, बीदरला बरीदशहांचे मकबरे. वऱ्हाडच्या शाहीकडे गाविलगड-नरनाळ्याचे दरवाजे आहेत, काही मशिदी आहेत, आणि ज्याच्या वडीलधारेपणाखाली ती शाही नांदली असा हा हौदातला गडी.

त्याची भावंडं मात्र दख्खनभर पसरली आहेत. अहमदनगरला हश्त बिहिश्त बाग, म्हणजे आज लोक भिस्तबाग म्हणतात तो महाल, तोही तलावात मांडलेला. तिथलाच फराहबाग, तलावाच्या मध्ये उभा, १५८३ च्या सुमारास निजामशाहीचा मंत्री सलाबतखान यानं पुरा केलेला. विजापूरच्या पूर्वेला कुमठगीत आदिलशहांचे जलमहाल आहेत, त्यांच्या भिंतींवर चौगान खेळणाऱ्या स्वारांची चित्रं होती. लांबचा आणि सगळ्यांत प्रतिष्ठित भाऊ बिहारात सासारामला: शेरशहा सूरीचा मकबरा, अष्टकोनी आणि चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेला. शेरशहा १५४५ मध्ये गेला आणि त्या पाण्यातल्या इमारतीत कायमचा निजला. आमच्याकडच्यानं कुणाला निजवलं नाही. त्याच्या वाट्याला जागेपणीचं सुख आलं.

फराहबागेची गोष्ट थोडी थांबून सांगायला हवी, कारण तिचा धागा वऱ्हाडाशी बांधलेला आहे. १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून इमादशाही बुडवली ती अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहानं. नरनाळ्यात वऱ्हाडची सत्ता हाती असलेला तुफालखान आणि गाविलगडात त्याचा मुलगा, दोघेही हरले, आणि एलिचपूर राजधानीचं सुभ्याचं ठिकाण झालं. ज्यानं हे केलं त्या मुर्तजाला पुढे राज्याचा कंटाळा आला. कारभार मंत्र्यांवर टाकून तो बागेत एकांतात राहू लागला. लोक त्याला दिवाणा म्हणू लागले. फराहबागेत तो आपल्या एका आवडत्या सोबत्याशी बुद्धिबळ खेळत बसे, असं सांगतात. शेवटी १५८८ मध्ये त्याच्याच मुलानं त्याला मारलं. वऱ्हाडचं राज्य ज्यानं पुसलं त्याला अखेर हवं ते काय होतं, तर पाण्याच्या मध्ये एक शांत खोली, जी एलिचपुरात त्याच्या सैन्याला आयती सापडली असेल. मला या माणसाबद्दल द्वेष वाटत नाही. हौज कटोऱ्यालाही वाटत नसावा.

त्याला खरी जखम झाली ती लढाईत नाही, बांधकामात. अठराव्या शतकात एलिचपूर निजामाच्या हुकमतीखाली पन्नी पठाण नवाबांकडे आलं. इस्माईलखान, सलाबतखान, नामदारखान ही या घराण्यातली ठळक नावं. नवाबांना शहरात वाडे बांधायचे होते, आणि शिवारात एक इमारत रिकामीच उभी होती. वरचे दोन मजले त्या वाड्यांसाठी उतरवले गेले, असं अचलपुरातली परंपरा सांगते. वाडे बांधणाऱ्यांचा हिशेब सरळ होता: हा कुणाच्या कामाचा नाही, याचा दगड तरी कामाला येईल.

गंमत अशी की साधारण त्याच शतकात ब्रिटनमध्ये नेमका उलटा उद्योग चालला होता. तिथले मोठे जमीनदार आपल्या हवेल्यांभोवतीच्या विस्तीर्ण बागांत केवळ पाहण्यासाठी इमारती उभारत होते; अशा इमारतीला ते लोक फॉली म्हणतात. तलावाकाठी ग्रीक देऊळ, टेकडीवर बिनफौजेचा बुरूज, स्कॉटलंडात १७६१ साली एका बागेत चक्क दगडी अननस. वूस्टरशरमध्ये १७९८ च्या सुमारास एका उमराव बाईंना आपल्या घरातून दूरच्या टेकडीवरचा जाळ दिसतो का हे पाहायचं होतं. जाळ दिसला, म्हणून त्यांनी तिथे बुरूजच बांधवला. आणि हॅगली इथल्या बागेत १७४७-४८ मध्ये एक किल्ला उभारला गेला, तो बांधतानाच पडका. ते पडकेपण खरं वाटावं म्हणून जवळच्या हेल्सओवेनच्या जुन्या मठाचे अवशेष आणून त्यात बसवले. म्हणजे तिथे खऱ्या इमारतीचे दगड आणून खोटा भग्नावशेष रचला, आणि एलिचपुरात निखळ सुखाच्या इमारतीचे दगड नेऊन राहते वाडे. आज हॅगलीचा तो खोटा पडका किल्ला जपला जातो. आमचा खरोखर पडझड सोसलेला हौज कटोरा शिवारात उभा आहे. मला इंग्रजांचा हेवा त्यांच्या बागांसाठी वाटत नाही. बिनकामाच्या वस्तूवर इतकी वर्षं माया टिकवायला जमतं, याचा वाटतो.

नवाबांचे दिवसही फार राहिले नाहीत. १८०३ च्या नोव्हेंबरात अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यानं गाविलगड घेतला, वर्ष संपता संपता सुर्जी-अंजनगावला तह झाला. या तिन्ही जागा इथून फार दूर नाहीत. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. एलिचपूर जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये तो जिल्हाही मोडून अमरावतीत मिसळला. शहराचा मान असा एकेक पायरी उतरत गेला: राजधानी, सुभा, नवाबी, जिल्हा, तालुका. हौज कटोरा या सगळ्यात कुणाच्या बाजूनं बोलला नाही. त्याच्याकडे द्यायला कुठलंही कामच नव्हतं, म्हणून कुणी त्याच्यासाठी भांडलंही नाही.

अकोला जिल्ह्यात बाळापूरला त्याची एक धाकटी बहीण आहे, मिर्झाराजा जयसिंगाची छत्री. पुरंदरचा तह करणारा तोच जयसिंग, जो १६६७ मध्ये बुऱ्हाणपुरात वारला. ही छत्री नदीकाठी उभी, चहूबाजूंनी मोकळी, कोरीव. तिलाही काही काम नाही. काठावर बसून नदी पाहायची. पण तिचं पाणी कुणी तिच्यापासून नेलं नाही. पूर येतो, ओसरतो, पुन्हा येतो, आणि ती रोज पाण्याशी बोलत उभी असते. बाळापूरची पोरं तिच्या पायऱ्यांवर बसतात. गावानं तिला आपली मानली आहे. हौज कटोऱ्याचं तसं झालं नाही. तो गावाबाहेर, आणि त्याच्या हौदात आता पूर्वीसारखं पाणी नाही. ज्याच्यासाठी अंगाच्या आठही बाजू उघडल्या तेच समोर नसताना उभं राहायचं, हे सोसणं सोपं नाही.

आपल्याकडे अशा मुक्या वास्तूंना लोक काही ना काही धंदा लावून देतात. कुणी म्हणतो टेहळणीचा बुरूज असेल. कुणी म्हणतो खाली भुयार आहे, ते थेट गाविलगडावर निघतं. कुणी खजिना सांगतो, आणि त्या खजिन्याच्या आशेनं महाराष्ट्रात किती जुन्या इमारतींची फरशी उकरली गेली त्याला गणती नाही. मी या गोष्टी सांगणाऱ्यांना दोष देत नाही. इतकी देखणी इमारत नुसत्या सुखासाठी असेल हे कष्टकऱ्याच्या मनाला पटत नाही, म्हणून तो तिला भुयार खणून देतो. पण हौज कटोऱ्याचं खरं ते सांगितलं पाहिजे, आणि अभिमानानं सांगितलं पाहिजे: वऱ्हाडात कापूस, तूर आणि लढाया यांच्याखेरीजही काही होतं. इथे कुणीतरी वारा कुठून येतो हे पाहिलं, पाणी कसं तोललं तर गारवा मिळेल हे जाणलं, आणि त्यावर पाच मजले चढवले. ज्या गवंड्यांनी आणि भिस्त्यांनी ते उभं केलं आणि भरलं, त्यांची घामाची बाजूही त्यात आलीच. त्यांचं कसब हे वऱ्हाडचं कसब आहे, एकट्या सुलतानाचं नव्हे.

त्याच्यासाठी काय करता येईल, हे फार अवघड नाही. गेलेले दोन मजले परत बांधायचा हट्ट कुणी धरू नये. नवीन सिमेंटचा माथा त्याला शोभणार नाही, आणि तुटलेल्या जागी काय झालं हे दिसत राहिलं पाहिजे. चुन्याच्या सांध्यांना चुनाच भरावा. भिंतींतून पिंपळ-उंबराची रोपं फुटली की मुळं जाड व्हायच्या आत काढावीत, कारण दगड फोडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. कमानींवर नावं कोरणाऱ्या पोरांना रागावण्यापेक्षा शाळांनी त्यांनाच तिथे नेऊन आठही बाजूंचं मोजमाप करायला लावावं. अष्टकोन भूमितीच्या पुस्तकात शिकवण्यापेक्षा इथे शिकवावा. पुढच्या वर्षी तीच पोरं दुसऱ्याला नाव कोरू देणार नाहीत.

आणि हौदात पाणी यावं. बारा महिने नको. वऱ्हाडात बारा महिने शोभेसाठी पाणी ठेवा म्हणायची भातकुलीच्या माणसाची छाती नाही. मला हवे आहेत पावसाळ्याचे आणि त्यानंतरचे दोन-तीन महिने. जाणकारांनी हौदाचा तळ तपासावा, गाळ काढायचा तर शास्त्रानं काढावा, आकाशातून पडणारं पाणी त्यात थोडं टिकू द्यावं. मुरलं तर पायथ्याच्या विहिरींनाच मिळेल, टिकलं तर त्याच्या आठ कमानी पुन्हा पाण्यात दिसतील. दोन्हींत कुणाचं नुकसान नाही.

तोवर एवढं तरी व्हावं. सुट्टीच्या दिवशी अमरावती-अकोल्याच्या गाड्या परतवाड्यात चहा घेऊन घाईनं चिखलदऱ्याचा घाट चढतात. बिलनपुरा, सरमसपुरा, जीवनपुरा अशा पुऱ्यापुऱ्यांच्या अचलपुराकडे कुणाची गाडी वळत नाही. वळवावी. श्रावण-भाद्रपदात, सातपुडा हिरवा असताना, सकाळी लवकर जावं. रस्ता शिवारातून जातो; कुणालाही विचारावं, "भाऊ, हौज कटोऱ्याले कुठून जाऊ?" माणूस हातातलं काम ठेवून दाखवील. हौदाच्या काठानं एक पूर्ण फेरी घालावी, घाई न करता, आणि मग उत्तरेकडे डोंगर व दक्षिणेकडे पूर्णेचा उतार एकाच जागेवरून पाहावा. अर्धा तास पुरतो, आणि चिखलदरा तिथून काही पळून जात नाही.